दहावी पासचं कौतुक पुरे झालं

नागपुरात इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग असो की एखाद्या संस्थेचा उद्योजकता मेळावा, व्यासपीठावरचा पाहुणा एका ठरावीक वळणावर येतोच. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडलं, स्टीव्ह जॉब्स यांनी रीड कॉलेज सोडलं आणि 'परदेशातलं कशाला, आपल्या मराठी माणसाचं घ्या' म्हणत तो कैलाश काटकरांवर येतो. दहावीनंतर शाळा सुटली आणि पुढे क्विक हील नावाची अँटिव्हायरस कंपनी उभी केली. टाळ्या पडतात. समोरच्या पोरांच्या बापांनी चार वर्षांच्या फीसाठी कर्ज काढलेलं असतं, कुणी शेत गहाण टाकलेलं असतं. त्या पोरांना सांगितलं काय जातं, तर शिक्षणावाचून काही अडत नाही.

हे ऐकताना राग येतो, आणि तो काटकरांसाठी येतो. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कमी कामाचा तुकडा आपण उचलला आणि बाकीचा ऐवज तिथेच ठेवून आलो.

काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. वडील फिलिप्समध्ये मशीन सेटर. घरात रेडिओ उघडून बसायची सवय होती, त्यामुळे शाळा सुटल्यावर हा मुलगा कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागला. हे १९८५ च्या आसपासचं. तिथे काही वर्षं काढून १९९० मध्ये जेमतेम १५ हजारांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. संगणक पहिल्यांदा दिसला तो बँकेत. गेले होते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला, आणि काचेच्या खोलीत टीव्हीसारखं काहीतरी ठेवलेलं दिसलं. कॅल्क्युलेटरचा धंदा आता फार दिवस पुरणार नाही, हे तिथेच त्यांच्या लक्षात आलं. मग ते संगणक दुरुस्तीकडे वळले, लोकांच्या मशीनच्या देखभालीची वार्षिक कंत्राटं घेऊ लागले.

आता या गोष्टीतला मेळाव्यात कधीच न सांगितला जाणारा भाग. धाकटा भाऊ संजय कॉलेजच्या वयाचा झाला, तेव्हा दहावीवर थांबलेल्या या थोरल्या भावाने त्याला संगणकशास्त्राला घातलं. आग्रह धरून घातलं. फी दुरुस्तीच्या कमाईतून गेली. ज्या माणसाचं नाव घेऊन आपण पोरांना 'डिग्रीत काय आहे' सांगतो, त्याने हातात पैसे आल्यावर ते भावाच्या डिग्रीवर घातले. क्विक हीलचा मूळ कोड लिहिला तो शिकलेल्या भावाने, आणि कुठला कोड लिहायला हवा हे कळलं ते दुकान चालवणाऱ्या भावाला. यातला एक जरी नसता तरी आज हे नाव कुणी घेतलं नसतं.

कळलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. त्या काळात मायकेलएंजेलो नावाचा एक व्हायरस होता. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, तो दबा धरून बसायचा. फ्लॉपी आत विसरून कुणी मशीन चालू केलं की हार्ड डिस्कवर उतरायचा आणि ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून मोकळा व्हायचा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मशीन 'बंद पडलं', एवढंच. ते दुकानात यायचं, दुरुस्त होऊन जायचं आणि पुन्हा यायचं, कारण फ्लॉपी तीच असायची. एकच दुखणं घेऊन तेच मशीन पुन्हा टेबलावर आलं की चांगला कारागीर बिलाच्या पलीकडे विचार करायला लागतो. संजय यांनी आधी एकेका व्हायरसपुरती छोटी टूलं लिहिली, मग ती एकत्र बांधली, आणि १९९५ मध्ये डॉस या तेव्हाच्या संगणक प्रणालीवर चालणारं क्विक हील बाजारात आलं.

या संशोधनाचा खर्च कुणी केला? दुरुस्तीच्या बिलांनी. ना गुंतवणूकदार, ना अनुदान. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पैसा इतका आटला होता की कंपनी बंद करावी की काय, असं वाटण्यापर्यंत पाळी आली. मालात खोट नव्हती, तो विकायचा कसा हे जमत नव्हतं. मग विक्रीची माणसं घेतली, गावोगावच्या संगणक विक्रेत्यांना हाताशी धरलं, पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला काढली. बाहेरचं मोठं भांडवल आलं ते २०१० मध्ये, सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी. दुकान टाकल्यापासून वीस वर्षांनी.

दहावी पासचा मुद्दा निकालात काढायला आणखी एक गोष्ट पुरते. त्याच १९९० साली, त्याच पुण्यात आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. हे आयआयटी खरगपूरचे, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे पीएचडी, एचपीच्या प्रयोगशाळेत काम केलेले. डेटाबेस हा त्यांचा विषय. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कातून येणाऱ्याजाणाऱ्याला पर्सिस्टंटचं नाव सांगावं लागत नाही. एक पीएचडी आणि एक दहावी, साल तेच, गाव तेच, आणि दोघंही शेअर बाजारापर्यंत पोचले. एक २०१० मध्ये, दुसरा २०१६ मध्ये. तेव्हा यशाचं कुलूप डिग्री असण्याने उघडतं की नसण्याने, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांच्या सुरुवातीत सारखं काय होतं ते बघा. दोघांनीही पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचं काम पैसे घेऊन केलं. एकाने लोकांची मशीन दुरुस्त केली, दुसऱ्याने दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर बनवून दिलं. गिऱ्हाइकाच्या दुखण्याशी रोजचा संबंध, आणि त्याच संबंधातून घरखर्च.

आता नागपूर. या शहरात स्टार्टअपचं वारं नाही असं कुणी म्हणू नये. कॉलेजगणिक नव्या उद्योगांना आधार देणारे इनक्युबेशन सेल आहेत, पिच स्पर्धा आहेत, हॅकेथॉन आहेत, व्हीएनआयटीसारखी जुनी संस्था आहे, २०१५-१६ मध्ये आयआयएम आणि ट्रिपल आयटी आल्या. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात मोठ्या आयटी कंपन्यांचे कॅम्पस आहेत. एवढं असून आपल्या पोराने स्वतःचं काही काढावं असं म्हणणारा बाप विरळा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पोराला पुण्याला बसवून दिलं की सुटलो, असं वाटणारे बाप जास्त. समृद्धी महामार्ग झाला, अजनीहून पुण्याला वंदे भारतही सुरू झाली. जाणं तेवढं सोपं होत गेलं.

बापांना मी दोष देणार नाही. आपण त्यांच्यासमोर ठेवलेला रस्ताच तसा आहे. आधी कल्पना, मग दहा स्लाइड, मग परीक्षक, मग चेक. गिऱ्हाईक कुठेतरी शेवटी. काटकरांचा रस्ता नेमका उलटा होता, आणि त्या रस्त्याची सुरुवात या शहरात आजही जिवंत आहे. फक्त ती बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात आहे, आणि इनक्युबेशन सेलमधलं कुणी तिकडे फिरकत नाही.

मागच्या मे महिन्यात माझा लॅपटॉप बंद पडला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं, आणि तो खर्च ऐकून मी बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे वळलो. जिन्याखालची जागा, दोन माणसं बसतील एवढं टेबल, वर पिवळा दिवा. पंचविशीतल्या त्या पोराने मशीन उघडायच्या आधी विचारलं, "पहिले हे सांगा काका, कूलरसमोर ठेवता का?" ठेवत होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरीकडे ठेवणार कुठे! मग त्याने बोर्ड मोकळा केला, मल्टिमीटर लावून शॉर्ट असल्याची खात्री केली, बोर्डावर स्पिरिट पसरलं आणि सप्लायमधून थोडा थोडा करंट सोडायला लागला. सगळ्या ओल्या बोर्डावर एकच ठिपका झपकन सुकला. ज्वारीच्या दाण्याहून लहान कपॅसिटर. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं स्पिरिट आधी उडतं, एवढं साधं शास्त्र. हॉट एअरने तो उचलला, जुन्या बोर्डावरचा त्याच मापाचा बसवला, मशीन चालू. जेवढ्यात मदरबोर्डची पेटीही आली नसती तेवढ्या पैशांत.

त्याच्याशी बोलताना जी माहिती मिळाली ती कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. मे महिन्यात काय येतं? धुळीने जाम झालेले पंखे, सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट, कूलरच्या ओलाव्याने गंजलेले कनेक्टर. मृगाच्या विजा सुरू झाल्या की जळलेले राउटर आणि अडॅप्टर. मार्च आला की टॅक्सवाल्यांची आणि सीए लोकांची मशीन, तीही 'आजच पाहिजे' म्हणून. कोणत्या ब्रँडच्या बिजागऱ्या दोन वर्षांत तुटतात, धंतोलीच्या दवाखान्यांतले संगणक कशाने लटकतात, इतवारीच्या दुकानदाराचा बॅकअप कसा नसतोच, सगळं त्याला तोंडपाठ. हेच ते ज्ञान, ज्यातून १९९५ मध्ये पुण्यात एक उत्पादन निघालं. त्याच्याकडे संजय नाही, एवढाच फरक.

आणि संजय कुठे आहे? तो हिंगणा रोडच्या एखाद्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून चेहरा ओळखणारी हजेरी किंवा लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करतोय. करतोय म्हणजे बऱ्याचदा विकत घेतोय; तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट मिळतात, सगळ्यांना माहीत आहे, बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही. कोड लिहू शकणारा मुलगा आणि लिहायला हवं ते ठाऊक असलेला मुलगा एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर राहतात आणि एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत. काटकरांच्या घरात हे दोघं एका ताटात जेवायचे.

माझं म्हणणं यावर येऊन ठेपतं: शहराला उद्योजक हवे असतील तर भाषणं आणि स्पर्धा यांच्यावरचा भर कमी करून दोन गोष्टी कराव्यात. पोरांना दुरुस्तीच्या, सेवेच्या, गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी नेऊन बसवावं. आणि या शहरातल्या मोठ्या गिऱ्हाइकांनी इथल्या लहान माणसाचा माल घ्यावा, वेळेवर पैसे द्यावेत.

दुसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण तिथेच खरी गोम आहे. नागपुरात गिऱ्हाईक नाही ही तक्रार खोटी आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉईलचं इथे, पर्यावरण संशोधनाची नीरी इथे, कापूस आणि संत्र्याच्या केंद्रीय संशोधन संस्था इथे, मेट्रो इथे, महापालिका इथे, रामदासपेठ-धंतोलीत मध्य भारतातून येणाऱ्या रुग्णांचे दवाखाने, कळमन्याची बाजार समिती. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी रोज तेच आकडे तीन वह्यांत लिहितंय. पण निविदेचा कागद हातात घेतला की पहिल्याच पानावर मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि अशाच कामाचा अनुभव मागितलेला असतो. नव्या माणसाकडे अनुभव असणार कुठून? केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपसाठी या दोन्ही अटी शिथिल करण्याची सोय आहे. पण ती शिथिल 'करता येते', करावीच लागते असं नाही. खरेदी अधिकाऱ्याने शिथिल केली आणि माल फसला तर चौकशी त्याची. न करता मोठ्या कंपनीचा माल घेतला आणि तोही फसला, तर कुणी काही विचारत नाही. मग तो का जोखीम घेईल? मीही त्या खुर्चीत असतो तर घेतली नसती.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी विभागात प्रयोग करून बघण्यासाठी १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश, म्हणजे कामाची ऑर्डर, देण्याची पद्धत सुरू झाली. मला ती सगळ्या धोरणांतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. बक्षिसाचा चेक दिला की पोरगं फोटो काढून घरी जातं. कार्यादेश दिला की त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन क्लार्कच्या शेजारी बसावं लागतं. हीच पद्धत इथल्या मोठ्या संस्थांनी स्वतःपुरती, दोन-तीन लाखांच्या पातळीवर आणली तर मुंबईची वाट पाहायचं कारण नाही.

पैशांचं तर विचारूच नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे. तरी लहान माणूस तक्रार करत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध करायची तोच त्याचा एकुलता एक मोठा गिऱ्हाईक असतो. दुरुस्तीच्या दुकानात मशीन हातात देताना पैसे हातात येतात. रोखीचा हा ओघ नसता तर संजय काटकरांना कोड लिहायला निवांतपणा मिळाला नसता. जो धंदा सहा-सहा महिने उधारीवर ताटकळतो त्याच्यातून नवं काही निघत नाही, निघतो तो फक्त मालकाचा रक्तदाब.

गिऱ्हाईक आधी आणि कारखाना नंतर, याचं नागपुरी उदाहरण हवं असेल तर सत्यनारायण नुवाल यांचं आहे. कितीतरी वर्षं खाणींना स्फोटकं विकण्याचा व्यापार, आणि मग १९९५ मध्ये स्वतःचं उत्पादन. आज त्यांची सोलार इंडस्ट्रीज लष्कराला हातबॉम्ब आणि नागास्त्र ड्रोन पुरवते. मात्र हे नाव घेताना १७ डिसेंबर २०२३ विसरता येत नाही. बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात त्या दिवशी नऊ कामगार गेले, त्यांत बायाच जास्त होत्या. यशोगाथेच्या भाषणांत ही नऊ माणसं नसतात, असायला हवीत.

काटकरांच्या उदाहरणावर दोन आक्षेप मला मान्य आहेत. पहिला, तो काळ वेगळा होता. संगणक नवीन होता, व्हायरस फ्लॉपीने पसरत होते, आणि देशी भाषेत बोलणारा, दुकानात भेटणारा अँटिव्हायरसवाला दुसरा फारसा कुणी नव्हता. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा आपला अँटिव्हायरस फुकट आत घालून दिला, आणि घरोघरच्या अँटिव्हायरसच्या धंद्याचा पायाच हलला. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्विक हीलचा शेअर ३२१ रुपयांना विकला गेला, आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव त्याच्या बराच खाली आला. कंपनीला सेक्राइट नावाने मोठ्या संस्थांच्या सुरक्षेकडे वळावं लागलं. म्हणजे अँटिव्हायरस काढा, असा धडा यातून कुणी घेऊ नये. कॅल्क्युलेटर जाणार हे कळल्यावर संगणकाकडे वळलेला माणूस पुन्हा एकदा वळला, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. नव्वद साली पुण्यात दुरुस्तीची कितीतरी दुकानं असतील, क्विक हील एकच झालं. बाकीच्यांचं काय? मला वाटतं या आक्षेपातच माझ्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा दडलाय. बाकीच्यांनी दुरुस्तीची दुकानं चालवली, पोरांची लग्नं केली, कुणी फ्लॅट घेतला. या रस्त्यावर अपयश म्हणजे बरं चाललेलं दुकान. स्लाइडच्या रस्त्यावर अपयश म्हणजे रिकामं खातं, गेलेली तीन वर्षं आणि बायोडेटात पडलेलं भगदाड. नागपूरच्या मध्यमवर्गी बापाला हा फरक बरोबर कळतो, म्हणून तो पोराला ट्रॅव्हल्समध्ये बसवतो. त्याला 'जोखीम घ्या हो' म्हणून भाषण देण्यापेक्षा कमी जोखमीचा रस्ता दाखवणं बरं.

आता पहिल्या गोष्टीबद्दल, म्हणजे पोरांना टेबलापाशी नेण्याबद्दल. इथे कायदाच आडवा येतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नाही. अप्रेंटिसशिपच्या नियमांत २०१९ मध्ये बदल होऊन आस्थापनेतल्या माणसांची किमान मर्यादा खाली आली. तरी शिकाऊ उमेदवार घ्यायचा तर आस्थापनेत निदान चार माणसं लागतात. बर्डीची बरीचशी टेबलं मालक आणि एक पोरगा एवढ्यावर चालतात. म्हणजे ४०० रुपयांवर लागलेल्या काटकरांसारखा मुलगा आज अशा टेबलावर काम शिकला तर सरकारदरबारी तो काहीच शिकलेला नसतो. त्याला ना विद्यावेतनाचा वाटा, ना प्रमाणपत्र. यावर तोडगा अवघड नाही. दहा-बारा दुकानांचा गट एक आस्थापना म्हणून धरावा, नोंदणी आणि परीक्षा श्रद्धानंद पेठेतल्या आयटीआयने सांभाळावी, आणि कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या चार पोरांमागे असं एक टेबल जोडून द्यावं, प्रोजेक्टचा विषय त्या टेबलावरूनच यावा. दुकानदार फुकट शिकवणार नाही, आणि त्याने का शिकवावं? प्रत्येक मुलामागे महिन्याला ठरावीक रक्कम त्याला मिळायला हवी. कॉलेजं दरवर्षी पाहुण्यांच्या विमानभाड्यावर आणि हॉटेलवर जो खर्च करतात, त्यातून याची सुरुवात सहज होईल.